पानिपत : एक वाक्प्रचार आणि एक गाव

मराठी वाचकाला पानिपत प्रथम भेटते ते गाव म्हणून नव्हे, वाक्प्रचार म्हणून. परीक्षेत, निवडणुकीत वा व्यापारात दारुण पराभव झाला की आपण ‘पानिपत झाले’ म्हणतो. उर्दूत हेच नाव एका कवीच्या नावाला जोडून येते : अल्ताफ हुसेन हाली ‘पानीपती’. एका भाषेत जो नाश, तो दुसरीत जन्मग्रामाचा अभिमान. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवर असलेल्या या शहरी जाणाऱ्या मराठी प्रवाशाने हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. अन्यथा तो स्वतःच्या भाषेतच प्रवास करून परत येतो.

प्रस्तुत लेखक तेथे गेला तो जानेवारीत. इब्राहिम लोदीची कबर आणि बाबराची काबुलीबाग मशीद १५२६ च्या लढाईची साक्ष देतात. परंतु मराठी पावले वळतात ती शहराबाहेरील ‘काला आंब’कडे. रक्ताने काळवंडलेल्या आम्रवृक्षाची आख्यायिका या जागेला चिकटली आहे. वृक्ष आता नाही. त्याच्या जागी विटांचा स्तंभ आहे. १४ जानेवारीस येथे महाराष्ट्रातून लोक येतात, आणि स्वतःला मराठा सैनिकांचे वंशज मानणारे हरियाणातील रोड समाजाचे लोकही येतात.

युद्ध संक्रांतीच्या दिवशी झाले, अशी आपली दृढ समजूत आहे. तिथी होती पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. सूर्याचे मकरसंक्रमण नाक्षत्र वर्षावर बेतलेले असल्याने इंग्रजी तारखेत ते सुमारे बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. म्हणजे १७६१ साली संक्रांत १४ जानेवारीच्या तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. पराभव आणि सण यांची गाठ पुढच्या काळातील दिनदर्शिकेने घातली; भाषेने ती पक्की केली. ‘संक्रांत कोसळणे’ या प्रयोगाचा उलगडाही पानिपतापेक्षा पंचांगातील संक्रांतिफलात शोधणे अधिक सयुक्तिक होय.

हरियाणात हा सण ‘सकरात’ होतो. सून सासू-सासऱ्यांस, घरातील वडीलधाऱ्यांस शाल वा घोंगडी देते. वडील रुसल्याचे सोंग करतात आणि तिने त्यांना ‘मनवायचे’ असते. आपण तिळगूळ देऊन गोड बोलण्याची विनंती करतो, तिचाच हा थंडीच्या मुलखातला अवतार. आदल्या रात्री पंजाबी घरांपुढे लोहडीची शेकोटी पेटते. भुईमुगाच्या शेंगा आणि रेवड्या वाटल्या जातात.

त्या शेकोटीशी खाताना मराठी माणसाचा घास क्षणभर अडतो. नोव्हेंबर १७६० पासून मराठ्यांची छावणी येथेच कोंडली गेली होती. रसद तुटली, आणि युद्धाच्या आधी उपासमारीने सैन्य खचले. आज त्याच गावची ख्याती ‘पचरंगा’ लोणच्यासाठी आहे : कैरी, कमळकाकडी, हरभरे, आणि वर मोहरीचे तेल. १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून उखडून आलेल्या कुटुंबांनी येथे लोणच्याचा आणि हातमागाचा धंदा वाढविला. आणि पानिपतचे बहुसंख्य मुसलमान त्याच वर्षी सीमेपलीकडे गेले. येथील वृद्धांच्या तोंडी ‘उजाडा’ म्हणजे फाळणी, १७६१ नव्हे.

हालींची कबर बू अली शाह कलंदरांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. १८७९ साली त्यांनी आपल्या समाजाच्या उत्कर्षापकर्षावर ‘मुसद्दस’ रचले; त्याच सुमारास पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघत होती. पराधीन समाजांनी आपल्या ऱ्हासाची कारणे शोधावीत, हा दोहोंमागील प्रश्न सजातीय आहे. तरीही काला आंबपाशी डोळे टिपणारा मराठी यात्रिक त्या कबरीकडे क्वचितच जातो.

मराठी मनाने आपला शोक विसरावा, असा याचा अर्थ नव्हे. परंतु एकाच भूमीवर अनेक भाषांचे शोक वसतीला असतात. काला आंब पाहून झाल्यावर दर्ग्यात थोडा वेळ बसावे, परतताना लोणच्याची बरणी घ्यावी. मग ‘पानिपत’ हा शब्द उच्चारताना त्यात माणसेही दिसू लागतील.