देहाचें अंतर्गत हवामान

१७७४ सालीं लंडनमध्यें डॉक्टर चार्ल्स ब्लॅग्डेन व त्यांचे कांहीं मित्र मुद्दाम तापविलेल्या एका खोलींत शिरले. प्रयोगाच्या अखेरीस तेथील उष्णतामान १२७ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास पोंचलें होतें. खोलींत ठेवलेलीं अंडीं कडक झालीं, मांस भाजून निघालें. ब्लॅग्डेन मात्र कांहीं मिनिटांनीं सुखरूप बाहेर आले. एकाच हवेंत अंडें शिजावें आणि माणूस शाबूत राहावा, हें कसें?

याचें उत्तर घामांत आहे. स्वस्थ पडलेल्या प्रौढ माणसाच्या देहांतहि दर तासाला सुमारें ७० ते ८० उष्मांक उष्णता उत्पन्न होते. मेंदूच्या तळाशीं असलेलें एक लहानसें केंद्र रक्ताच्या उष्णतामानावर अहोरात्र पहारा करतें. तें ३७ अंशांहून वर चढूं लागलें, कीं त्वचेंतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घर्मग्रंथि पाझरूं लागतात. तें उतरलें, कीं घाम आवरतो. थंडींत याच्या उलट रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व स्नायूंना कांपरें भरून ऊब निर्माण होते. देहाच्या अशा समतोलास अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १९२६ मध्यें ‘होमिओस्टॅसिस’ हें नांव दिलें.

परंतु घाम नुसता येऊन भागत नाहीं. तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळतांना सुमारें ५८० उष्मांक उष्णता घेऊन जातो. तोच जमिनीवर ठिबकला, तर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. ब्लॅग्डेन यांच्या खोलींतील हवा कोरडी होती. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत घाम वाळत नाहीं, म्हणून नागपुरापेक्षां कमी उष्णतामानहि तेथें घातक ठरतें. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें भर उन्हांत भरलेल्या समारंभास आलेलीं कांहीं माणसें उष्माघातानें दगावलीं.

उष्माघात म्हणजे ताप नव्हे. तापांत मेंदूंतील केंद्रच आपली मर्यादा वर नेतें, आणि औषधाची गोळी ती खालीं आणते. उष्माघातांत मर्यादा तीच असते. ती राखण्याचें सामर्थ्य मात्र सरलेलें असतें. उष्णतामान ४० अंशांच्या पुढें जातें, बुद्धि भ्रमते, आणि तापाची गोळी निरुपयोगी ठरते. अशा रोग्यास तत्काळ सावलींत न्यावें, अंगावर थंड पाणी ओतून वारा घालावा व विलंब न लावतां इस्पितळांत पोंचवावें. शुद्ध हरपली असल्यास तोंडांत पाणी घालूं नये.

देह हा समतोल राखतो, तो पाणी व मीठ खर्चून. उन्हांतून आलेल्या माणसापुढें मिठाचें ताक किंवा पन्हें ठेवण्याची घरोघरची रीत हीच भरपाई करीत असते.