ध्वनिसंपीडक : स्वनिर्मित मंडलातील दोषशोधन व फेरफार

ध्वनीच्या विद्युत् संकेताची पातळी ठराविक मर्यादेपलीकडे जाऊ लागताच आपले विवर्धन आपोआप कमी करणाऱ्या इलेक्ट्रॉनीय मंडलास ध्वनिसंपीडक म्हणतात. ज्या पातळीपासून ही क्रिया सुरू होते तिला उंबरठा पातळी म्हणतात. उंबरठ्याच्या वर आदान पातळीत होणारी वाढ व त्यामुळे प्रदान पातळीत होणारी वाढ यांचे गुणोत्तर म्हणजे संपीडन गुणोत्तर होय. उदा., हे गुणोत्तर ४ : १ असल्यास आदान ८ डेसिबेलने वाढले, तरी प्रदान २ डेसिबेलनेच वाढते. पातळी चढल्यावर विवर्धन उतरण्यास लागणाऱ्या वेळास ॲटॅक काल आणि पातळी उतरल्यावर विवर्धन पूर्ववत् होण्यास लागणाऱ्या वेळास रिलीज काल ही नावे तंत्रज्ञांत रूढ आहेत.

नभोवाणी प्रेषकाचे अतिविरूपण होऊ नये आणि चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवर मोठे आवाज फाटू नयेत, या गरजांतून १९३० नंतरच्या दशकात असे विवर्धक प्रचारात आले. त्यांत निर्वात नलिका वापरीत. १९६७ मध्ये अमेरिकेतील बिल पुटनम यांनी क्षेत्र परिणाम ट्रँझिस्टर हे नियंत्रक अंग असलेला ‘११७६’ हा संपीडक तयार केला. थोडे व स्वस्त घटक, कमी विद्युत् दाब आणि शीघ्र क्रिया यांमुळे याच तत्त्वावरील मंडले हौशी तंत्रज्ञ घरी बांधतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अशाच मंडलाचा विचार केला आहे.

रचना : संपीडकात दोन शाखा असतात. संकेत शाखेतून प्रत्यक्ष ध्वनिसंकेत जातो. नियंत्रक शाखा त्याच संकेताचा एक अंश घेते, त्याचे एकदिशीकरण करते, धारित्रावर साठविते आणि मिळालेल्या एकदिश दाबाने संकेत शाखेचे विवर्धन बदलते. क्षेत्र परिणाम ट्रँझिस्टराच्या मंडलात सु. ४७ किलोओहमचा एकसर रोधक आणि त्याच्यापुढे भूमीला जोडलेला ट्रँझिस्टर मिळून दाबविभाजक बनतो. ट्रँझिस्टराच्या गेट अग्रावर पुरेसा ऋण दाब असताना त्याच्या ड्रेन व सोर्स या अग्रांमधील रोध मेगओहमच्या घरात असतो व संकेत जवळजवळ अबाधित पुढे जातो. गेटचा दाब शून्याकडे सरकला म्हणजे हा रोध काही शे ओहमपर्यंत उतरतो व संकेत भूमीकडे वळतो. ड्रेनवरील संकेत काही दशांश व्होल्टांचा नव्हे, तर काही दशक मिलिव्होल्टांचा असला, तरच ट्रँझिस्टर साध्या रोधकाप्रमाणे वागतो. म्हणून ०·७७५ व्होल्टचा आदान संकेत प्रथम सु. एक-विसांश करून घेतात आणि नंतर तेवढाच, म्हणजे २६ डेसिबेलने, विवर्धित करतात.

दोषशोधन : स्वनिर्मित संपीडक बिघडला की ऐकू येणारा दोष संकेतात असतो, पण त्याचे मूळ बहुधा नियंत्रक शाखेत असते. शिवाय नियंत्रणासाठी लागणारा अंश प्रदानाकडून घेतलेला असल्यास दोन्ही शाखांचे एक बंद वलय होते आणि त्यातील प्रत्येक बिंदूवर दोष दिसू लागतो. अशा वेळी एकेक घटक बदलीत बसणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय. वलय तोडणे ही दोषशोधनाची पहिली पायरी आहे.

त्यासाठी गेटला येणारी नियंत्रक तार सोडवावी. ९ व्होल्टच्या विद्युत् घटाचे धन टोक भूमीला जोडून त्याच्या दोन टोकांत १०० किलोओहमचा चलरोधक बसवावा व चलरोधकाचे मधले टोक गेटला द्यावे. आदानास आंदोलकापासून १,००० हर्ट्झचा ज्यावक्रीय संकेत द्यावा. गेट पूर्ण ऋण असताना मंडल साध्या विवर्धकाप्रमाणे चालले पाहिजे. चलरोधक शून्याकडे फिरविताना काही अंतरापर्यंत फरक पडत नाही. मग पातळी एकसारखी, धक्के न बसता उतरत जाते. असे झाले तर संकेत शाखा व ट्रँझिस्टर निर्दोष आहेत, असे निश्चित समजावे. न झाल्यास नियंत्रक शाखेकडे वळण्याचे कारणच नाही. दोष ट्रँझिस्टर, त्याच्या अग्रांची उलटसुलट जोडणी किंवा कच्चा डाख यांपैकी एखादा असतो.

या परीक्षणात दोन अंक टिपून ठेवावेत : ज्या दाबाला पातळी उतरू लागते तो, आणि ती २० डेसिबेलने उतरते तो. हे अंक प्रत्येक ट्रँझिस्टराचे वेगळे असतात. २एन५४५७ या प्रकाराच्या माहितीपत्रकातच गेटचा रोधन दाब –०·५ ते –६ व्होल्ट असा दिलेला आहे. म्हणजे एकाच नावाच्या दोन नगांत बारापट फरक असू शकतो. दुसऱ्याच्या आराखड्यातील रोधकांची मूल्ये जशीच्या तशी घेऊनही संपीडक चालत नाही, याचे सर्वांत मोठे कारण हे आहे. शिवाय तारेच्या पायांचे क्षेत्र परिणाम ट्रँझिस्टर अलीकडे दुर्मिळ झाल्यामुळे भलत्याच नगावर हवे ते नाव छापून विकण्याचे प्रकार होतात. लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत दहा नग घेऊन त्यांतून मोजून दोन निवडणे हे एक नग घेऊन नशिबावर हवाला ठेवण्यापेक्षा शहाणपणाचे असते.

यानंतर नियंत्रक शाखा स्वतंत्रपणे तपासावी. संकेत वाढविला असता धारित्रावरील दाब हालला पाहिजे आणि तो योग्य दिशेने हालला पाहिजे. एन प्रकारच्या ट्रँझिस्टरासाठी स्थिर ऋण दाबाकडून शून्याकडे ही दिशा होय. डायोड उलटा बसला, तर मोठ्या संकेताला गेट अधिकच ऋण होते. संपीडन मुळीच होत नाही, आवाज मात्र स्वच्छ येतो आणि बांधणारा भलतीकडे शोध घेत राहतो. मोजमापही जपून करावे लागते. प्रतिव्होल्ट २०,००० ओहमच्या काट्याच्या बहुमापकाचा १० व्होल्ट पल्ल्यावरील रोध २०० किलोओहम असतो. १ मेगओहममधून येणारा नियंत्रक दाब त्याने मोजल्यास खऱ्या मूल्याच्या एक-षष्ठांश वाचन मिळते. १० मेगओहम आदान रोधाचा अंकीय मापक येथे सोयीचा.

गेटचा स्थिर दाब लावणे हे सर्वांत नाजूक काम आहे. दाब गरजेपेक्षा ऋण असेल, तर नियंत्रक दाबाला आधी मधले मृत अंतर तोडावे लागते. उंबरठा वर गेल्यासारखा वाटतो, ॲटॅक लांबतो आणि पहिला आघात निसटून जातो. दाब कमी ऋण असेल, तर संकेत नसतानाही विवर्धन दबलेलेच राहते. रूढ पद्धत अशी : नियंत्रण बंद ठेवून स्थिर संकेत द्यावा, प्रीसेट पूर्ण ऋण बाजूला न्यावा आणि प्रदान बरोबर १ डेसिबेलने उतरेपर्यंत तो परत फिरवावा. हे समायोजन मंडल अर्धा तास चालू ठेवून, ऊब स्थिरावल्यावर करावे.

आवाज फाटत असल्यास तो केव्हा फाटतो हे पहावे. सर्व कंप्रतांना आणि संपीडन चालू असतानाच विकृती येत असेल, तर ड्रेनवरील संकेत मोठा आहे. यावर जुना व खात्रीचा उपाय म्हणजे ड्रेनवरील संकेताचा अर्धा भाग गेटला देणे. ड्रेन ते गेट आणि नियंत्रक तार ते गेट असे १ मेगओहमचे दोन सारखे रोधक जोडल्यास दुसरा हरात्मक घटक बऱ्याच अंशी नाहीसा होतो. मात्र त्यामुळे नियंत्रक दाबही निम्माच गेटवर पोहोचतो व तो दुप्पट करावा लागतो. ड्रेनकडील रोधकाबरोबर एकसरीत धारित्र असेल, तर आणखी एक घोटाळा होतो : गेटचा दाब प्रथम अर्ध्यापर्यंत झटकन जातो आणि उरलेला अर्धा धारित्र भारित होईल तसा सावकाश जातो. ०·१ मायक्रोफॅराडच्या धारित्रास याचा कालांक ०·२ सेकंद होतो. ॲटॅक काल कितीही कमी केला तरी संपीडक आळशीच वाटतो, त्याचे कारण कधीकधी एवढेच असते.

विकृती फक्त खर्जाच्या स्वरांत येत असेल, तर ती नियंत्रक दाबातील लहरींची असते. ५० हर्ट्झच्या संकेताचे पूर्ण तरंग एकदिशीकरण केल्यास दर १० मिलिसेकंदांनी एक शिखर मिळते. रिलीजचा कालांक ५० मिलिसेकंद असल्यास दोन शिखरांमध्ये नियंत्रक दाब सु. १८ टक्के उतरतो, ५०० मिलिसेकंद असल्यास केवळ २ टक्के. विवर्धनच तरंगाबरोबर असे वरखाली होऊ लागले म्हणजे पूर्ण तरंग एकदिशकारकाने तिसरा व अर्धतरंग एकदिशकारकाने दुसरा हरात्मक घटक उमटतो. हा घटकांचा बिघाड नव्हे. शीघ्र रिलीजची ती किंमत आहे.

संपीडन सुरू होताना ‘धप्’ असा आवाज आल्यास ट्रँझिस्टराच्या मागील जोड धारित्र गळत असल्याचा संशय घ्यावा. ड्रेनवर थोडाही एकदिश दाब असला, की रोध बदलताच तो दाब उडी घेतो व पुढे विवर्धित होतो. सेकंदाला एक-दोनदा आवाज आपोआप फुगू व विरू लागल्यास वलय आंदोलन करीत असते. नियंत्रक शाखा व दर्शक दिवे यांना विद्युत् पुरवठा स्वतंत्र रोधक-धारित्रांतून देऊन पहावा व नियंत्रक शाखेचे विवर्धन कमी करावे. गुणगुण ५० हर्ट्झची असेल तर रोहित्राचे चुंबकीय क्षेत्र किंवा भूमीच्या तारांचे वेटोळे आणि १०० हर्ट्झची असेल तर पुरवठ्यातील गाळणी धारित्र तपासावे. येथे एक इशारा आवश्यक आहे. मंडल १८–२४ व्होल्टवर चालत असले, तरी रोहित्राच्या प्राथमिक वेटोळ्यावर २३० व्होल्ट असतात. निर्वात नलिकांच्या मंडलात तर पुरवठा बंद केल्यावरही धारित्रांवर प्राणघातक दाब राहू शकतो. ती रोधकातून विसर्जित करून, दाब मोजून मगच हात घालावा.

विरामात खरखर वाढते, अशी तक्रार मात्र दोष मानू नये. संपीडनानंतर पातळी १० डेसिबेलने उचलली, तर शांततेतील कुरबूरही १० डेसिबेलने उचलली जाणारच.

फेरफार : मंडल एकदा नीट चालू लागले, की आदान व प्रदान पातळ्यांचा आलेख २-२ डेसिबेलच्या पायऱ्यांनी काढून ठेवावा. प्रत्येक बदलानंतर तोच आलेख पुन्हा काढल्यास काय साधले व काय बिघडले हे कानाच्या भरवशावर सोडावे लागत नाही.

कालांक बदलणे हा सर्वांत सोपा दिसणारा फेरफार. १ मायक्रोफॅराडचे धारित्र १० किलोओहममधून भारित होत असेल, तर ॲटॅकचा कालांक १० मिलिसेकंद आणि समांतर ४७० किलोओहमचा रोधक असेल, तर रिलीजचा ४७० मिलिसेकंद येतो. पण हे दोन रोधक मिळून दाबविभाजकही होतो. रिलीजचा रोधक २२ किलोओहम केला, तर धारित्रावरील अंतिम दाब फार तर ६९ टक्के राहतो व संपीडनच घटते. रोधक तसाच ठेवून धारित्र बदलल्यास ही अडचण टळते, पण मग दोन्ही काल एकदम बदलतात. दोन्ही स्वतंत्र हवे असल्यास धारित्रानंतर क्रियात्मक विवर्धकाचा अनुगामी टप्पा घालून पुढचा भार दूर करावा आणि ॲटॅकच्या रोधकाची मूल्ये रिलीजच्या मानाने लहान ठेवावीत.

भारतीय संगीताला सर्वाधिक उपयोगी पडणारा बदल नियंत्रक शाखेतच आहे. एकाच मायक्रोफोनमध्ये गायन, तंबोरा व तबला येत असतील, तर डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्यासरशी गायकाचा स्वर व तंबोऱ्याचा नाद दबतो आणि मग धापा टाकल्यासारखा वर येतो. एकदिशकारकाच्या आधी ०·०१ मायक्रोफॅराडचे एकसर धारित्र व भूमीकडे १५० किलोओहमचा रोधक जोडला, तर सु. १०६ हर्ट्झखालील संकेत नियंत्रक शाखेपुरता क्षीण होतो. ध्वनीतला खर्ज तसाच राहतो, नियंत्रणावरील त्याची सत्ता तेवढी जाते. एका रोधकाच्या व धारित्राच्या खर्चात याहून मोठा लाभ दुसरा कोणताही फेरफार देत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मुद्रणावेळीच संपीडन फार जोरात केले असेल, तर दबलेला चढउतार नंतर मूळ रूपात परत आणता येत नाही. मैफल पुन्हा होत नसल्याने मूळ संकेताचे एक मुद्रण संपीडकाशिवाय करून ठेवावे. असंपीडित व संपीडित संकेत हव्या त्या प्रमाणात मिसळणारा चलरोधक बसविणे हाही चांगला मध्यममार्ग आहे; मात्र मंडलात कला उलटत असल्यास ती आधी सरळ करून घ्यावी, अन्यथा दोन संकेत एकमेकांना खातात.

नियंत्रक अंगच बदलण्याचा विचार असेल, तर दोन पर्याय आहेत. प्रकाश उत्सर्जक डायोड व कॅडमियम सल्फाइडाचा प्रकाशसंवेदी रोधक यांच्या जोडीत विकृती फार कमी असते आणि तिचा रिलीज आरंभी जलद व पुढे मंद होत जातो. हा गुण गायनाला मानवतो, तालवाद्याला नाही. दुसरा पर्याय एलएम१३७०० सारख्या, विद्युत् प्रवाहाने विवर्धन बदलणाऱ्या एकात्मित मंडलाचा. यात नगानगांतील फरकाचा त्रास बराच कमी असतो. पण त्याच्या आदानावरही संकेत काही दशक मिलिव्होल्टांपुरताच ठेवावा लागतो. द्विमार्गी ध्वनीसाठी दोन संपीडक वापरताना दोन्हींच्या नियंत्रक तारा एकत्र जोडून दोघांना एकच दाब द्यावा, नाहीतर एका बाजूच्या मोठ्या आवाजाने मधला गायक दुसऱ्या बाजूला सरकल्यासारखा ऐकू येतो. क्षेत्र परिणाम ट्रँझिस्टरांच्या बाबतीत यासाठी वरील विद्युत् घटाच्या परीक्षणात दोन्ही अंक जुळणारी जोडी निवडावी लागते.