कौशल्याचा बाजार आणि एकच गिऱ्हाईक

चैत्रात यात्रा सुरू झाल्या की इंदापूर-बारामतीकडचे पैलवान गावोगावचे फड गाठू लागतात. कळसच्या पारावरही त्या दिवसांत कोणाची जोड कोणाशी लागली आणि इनाम किती ठरले, याचीच चर्चा असते. एका गावात पदरी योग्य मोल पडले नाही, तर पैलवान दुसऱ्या गावच्या आखाड्यात उतरतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर त्याच्या कौशल्याला गिऱ्हाइके अनेक आहेत. जेथे गिऱ्हाईक एकच असते, तेथे खेळाडूची काय अवस्था होते, हे मात्र आपण क्वचितच तपासतो.

1958 च्या डिसेंबरात कानपूरला वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीत सुभाष गुप्ते यांनी एका डावात 102 धावांत 9 बळी घेतले. लान्स गिब्जचा झेल यष्टिरक्षकाच्या हातून सुटला नसता तर दहाही बळी त्यांचेच झाले असते. तो उरलेला दहावा बळी ज्याला मिळाला, तो पुण्याचा वसंत रांजणे त्याच सामन्यात कसोटीत पदार्पण करीत होता. एकाच धावफलकावर आलेल्या या दोन मराठी माणसांच्या वाटा पुढे फार वेगळ्या झाल्या.

गुप्ते यांचा लेगब्रेक हा जागतिक दर्जाचा माल होता. गॅरी सोबर्ससारख्या खेळाडूने त्यांना आपण पाहिलेला सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर मानले. परंतु भारतात त्या मालाचा खरेदीदार एकच, तो म्हणजे क्रिकेट नियामक मंडळ. आणि त्या काळी एका कसोटीचे मानधन सुमारे 250 रुपये असे. म्हणून 1950 च्या दशकात हा मुंबईकर लँकाशायरमधील रिश्टन नावाच्या लहानशा गावी व्यावसायिक खेळाडू म्हणून गेला. ही कापड गिरण्यांची गावे. तेथील प्रत्येक क्लब एक पगारी खेळाडू ठेवी. बाकीचे दहा गिरणीतले, दुकानांतले, कचेऱ्यांतले हौशी गडी. पगारी माणसाने अर्धशतक काढले किंवा बळींची रास पाडली की प्रेक्षकांतून वर्गणी फिरे. आपल्याकडे विजयी पैलवान फडात फेरी मारतो, त्याचेच हे इंग्रजी रूप म्हणावे. घरी ते मुंबई, बंगाल आणि राजस्थान अशा तीन संघांकडून रणजी सामने खेळले. त्या भटकंतीला कोणी अस्थिरपणा म्हणेल. मला तरी त्यात चरितार्थाचा हिशेब दिसतो.

या लीगमुळे खेळाडूच्या हाती सौदा करण्याची थोडी ताकद येई. 1952 च्या इंग्लंड दौऱ्यापूर्वी विनू मंकड यांनी मंडळाकडे निवडीची हमी मागितली. ती मिळाली नाही, तेव्हा त्यांनी हॅसलिंग्डन क्लबशी करार केला. पहिली कसोटी हरल्यावर मंडळाला त्यांची आठवण झाली. क्लबकडून उसन्या मिळालेल्या मंकड यांनी लॉर्ड्सवर 72 आणि 184 धावा काढल्या आणि पहिल्या डावात 5 गडीही टिपले. दुसरे गिऱ्हाईक हजर असले की पहिल्यालाही वस्तूची किंमत कळते, ती अशी.

1961 च्या दिल्ली कसोटीच्या वेळी गुप्ते यांच्या खोलीतील सहकाऱ्याने हॉटेलातील स्वागतिकेला दूरध्वनी करून पेयपानाचे आमंत्रण दिले. तिने तक्रार केली. दूरध्वनी गुप्ते यांचा नव्हता, तरीही शिक्षा दोघांना झाली. आपल्या सोबत्याला तू का रोखले नाहीस, असा जाब त्यांना विचारण्यात आला म्हणतात. सज्ञान माणसाने दुसऱ्या सज्ञान माणसाचा हात धरावा, ही अपेक्षाच विचित्र होती! पुढच्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली नाही. 36 कसोटींत 149 बळी घेणाऱ्या या गोलंदाजाची कारकीर्द वयाच्या बत्तिशीत संपली. दाद मागायला दुसरे दार नव्हते. पत्नी त्रिनिदादची, तेथेच ते स्थायिक झाले, आणि नोकरी धरली ती एका साखर कंपनीत. भवानीनगरच्या कारखान्याचा भोंगा ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना हा तपशील ओळखीचा वाटेल.

त्या दौऱ्यावर रांजणे मात्र गेले. रणजीतील पहिल्याच सामन्यात, 1956 साली, सौराष्ट्राविरुद्ध हॅटट्रिकसह 35 धावांत 9 बळी घेणारा हा मध्यमगती गोलंदाज. 1964 पर्यंत त्यांच्या वाट्याला जेमतेम 7 कसोट्या आणि 19 बळी आले. कधी संघात, कधी बाहेर. पोट भरले ते रेल्वेच्या नोकरीने. महाराष्ट्र आणि रेल्वे या संघांसाठी त्यांनी गोलंदाजी केली, त्यांना परदेशी लीगचा आधार नव्हता. अशा खेळाडूला स्वतंत्र बाजारभावच नसतो. त्याला रजा मंजूर होते, इतकेच.

हे दुखणे केवळ आपले नव्हे. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघमालकाकडेच राही. 1969 मध्ये सेंट लुईस संघाने कर्ट फ्लड या खेळाडूला परस्पर फिलाडेल्फियाला देऊन टाकले. त्याने नकार दिला, न्यायालय गाठले, आणि 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. त्याची कारकीर्द गेली. 1975 च्या अखेरीस एका लवादाने ती जुनी बेडी तोडली. त्याचा लाभ फ्लडनंतरच्यांना झाला.

आज 2008 पासून आयपीएल आहे, 2014 पासून प्रो कबड्डी आहे. लिलावाचे आकडे वर्तमानपत्रांत झळकतात आणि आमच्या महाविद्यालयातील कबड्डी खेळणारी मुले ते पाठ करतात. अनेक संघ बोली लावतात, म्हणजे स्पर्धा आहे. पण ती बोलीपुरती. कोणत्या संघात जावे हे खेळाडू ठरवीत नाही, आणि लीग एकच आहे. दुसरे असे की लिलावात न विकल्या गेलेल्यांची यादी फारसे कोणी पाठ करीत नाही. गुडघा दुखावल्यास उपचाराचा खर्च कोणाचा, उरलेल्या हंगामाचे पैसे मिळणार का, पदवीच्या परीक्षेसाठी रजा मिळेल का, हे प्रश्न करारपत्रावर सही करण्यापूर्वी मुलाने किंवा त्याच्या वडिलांनी विचारले पाहिजेत. करारपत्र बहुधा इंग्रजीत असते. ते वाचून दाखवायला गावातला एखादा शिक्षक किंवा कारकून बसला, तरी पुष्कळ काम होईल.