संगणकाच्या घड्याळातील २३ मिनिटांचे कोडे

एकेकाळी गिरण्यांच्या भोंग्यावर सोलापूरची दिनचर्या चालत असे. आज ते काम संगणकाच्या घड्याळाकडे आले आहे. मात्र हे घड्याळही कधी कधी चकवते. समजा, शहरातील एखाद्या रुग्णालयासाठी ‘पायथॉन’ भाषेत प्रोग्राम लिहिला आणि रुग्णाला सकाळी १० ची वेळ दिली. पडद्यावर मात्र ९ वाजून ३७ मिनिटे उमटली. फरक नेमका २३ मिनिटांचाच का?

याचे उत्तर इतिहासात आहे. जगभरातील संगणक वेळेसाठी एका सामायिक माहितीकोशाचा आधार घेतात. त्यात भारताची वेळ ‘एशिया/कोलकाता’ या नावाने नोंदलेली आहे. साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली. त्याआधीच्या काळातील, ग्रिनिचच्या ५ तास ५३ मिनिटे पुढे असलेली कोलकात्याची स्थानिक वेळ ही या कोशातील पहिली नोंद आहे. ‘पायटीझेड’ या जुन्या संचातील विभाग तारखेला थेट जोडला, की तारीख न पाहता हीच पहिली नोंद उचलली जाते.

चूक टाळण्यासाठी त्याच संचातील ‘लोकलाइज’ ही आज्ञा वापरावी किंवा २०२० मध्ये पायथॉनमध्ये आलेला ‘झोनइन्फो’ हा संच घ्यावा.

मात्र सर्वत्र सरसकट साडेपाच तास मिळवणे हा उपाय नव्हे. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात, भारतातील घड्याळे एक तास पुढे होती. त्या काळातील जन्मवेळेवरून पत्रिका मांडणारा प्रोग्राम हे विसरला, तर लग्नराशीच बदलू शकते. न्यूयॉर्कमध्ये असलेल्या मुलाशी ठरलेल्या वेळी बोलणाऱ्या सोलापूरच्या आईवडिलांनाही याचा अनुभव येतो. तेथील घड्याळ मार्चमध्ये पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे सरकते. त्यामुळे अंतर कधी साडेनऊ, तर कधी साडेदहा तासांचे होते.

‘आयएसटी’ हे संक्षिप्त रूपही फसवे आहे. भारताप्रमाणेच आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेसाठीही ते वापरले जाते. म्हणून घडून गेलेल्या घटनांची वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवावी. पुढील भेटींसाठी मात्र स्थानिक वेळेसोबत विभागाचे पूर्ण नावही नोंदवावे आणि माहितीकोश अद्ययावत ठेवावा. स्थळ व तारीख यांवाचून घड्याळातील आकड्याला अर्थ नाही, हेच या २३ मिनिटांचे सांगणे आहे.