हालिस्कोच्या गोठ्यातले पहाटपेय

मेक्सिकोच्या पश्चिमेकडील हालिस्को हा प्रांत जगाला टकीला या मद्यामुळे ठाऊक आहे. परंतु दुग्धोत्पादनातही तोच त्या देशात अग्रेसर असून, या दोन्ही संपत्तींचा संगम ज्या एका प्याल्यात होतो, त्या पाहारेते नामक पेयाचे नाव त्या मुलखाबाहेर फारसे कोणाच्या कानी गेलेले नाही.

हे पेय स्वयंपाकघरात सिद्ध होत नाही, गुत्त्यात तर नाहीच. ते सिद्ध होते गोठ्यात, उजाडण्याच्या सुमारास, गाईच्या कासेखाली. मातीच्या उभट प्याल्यात प्रथम साखर आणि कोकोची पूड, किंवा दालचिनी घातलेल्या रवाळ चॉकलेटचा कीस घालावयाचा, कोणास रुचल्यास त्यात चमचाभर कॉफी टाकावयाची, वर उसापासून गाळलेल्या जहाल मद्यार्काची अथवा टकीलाची धार धरावयाची, आणि तो प्याला घेऊन पिणाऱ्याने खुद्द गाईपाशी जावयाचे, असा तेथील परिपाठ आहे. वासराला क्षणभर लुचू देऊन गाईने पान्हा सोडला, की दोहणारा दुधाची धार थेट प्याल्यात अशा जोराने सोडतो, की तळचे चॉकलेट त्या आघातानेच ढवळून निघते आणि काठावर तपकिरी फेसाचा जाड थर चढतो. त्या दुधाला चूल ठाऊक नसते. गाईच्या देहाची सुमारे 38 अंशांची ऊब तेवढीच त्याची आच. दिवसभराच्या कष्टांना जुंपण्यापूर्वी गुराख्यांनी असा प्याला उभ्याउभ्याच रिता करावा, ही तेथील जुनी रीत होय.

मद्याच्या उल्लेखाने वाचकाचे लक्ष तिकडेच वेधले जाणे स्वाभाविक असले, तरी या पेयाचा प्राण धारोष्ण दुधात आहे, असे माझे मत आहे. कारण मुलांसाठी मद्य वगळून भरलेल्या प्याल्यालाही तेथे पाहारेतेच म्हणतात. शिवाय दुधाच्या ताजेपणाची ही आवड निव्वळ जिभेची नव्हे. आपल्याकडील दूध संकलन केंद्रांवर दुधाच्या नमुन्यात अल्कोहोल मिसळून ते फुटते की काय, हे पाहण्याची चाचणी घेतात. आंबूस होऊ लागलेल्या दुधातील प्रथिने मद्यार्काशी गाठ पडताच गोठतात, ताजे दूध मात्र टिकाव धरते. जी कसोटी डेअरीचा कारकून नळीत लावतो, तिच्याच तत्त्वाचा प्रत्यय तेथील गवळ्याला प्याल्यात येत असला पाहिजे.

या प्याल्यात त्या देशाचा इतिहासही उतरला आहे. कोको तेथील मूळ रहिवाशांचा. गाय आणि ऊस सोळाव्या शतकात स्पॅनिश अंमलाबरोबर आले. कॉफीचा प्रवेश त्याहून बराच नंतरचा. घायपातीच्या कुळातील आगावे वनस्पतीपासून मद्य गाळण्यावर स्पेनच्या दरबाराने कधी बंदी घातली, कधी महसुलाच्या लोभाने ती उठविली, आणि 1795 साली टकीला गावच्या क्वेर्वो घराण्यास या मद्याचा रीतसर परवाना मिळाला.

मात्र या पेयाचे कौतुक करताना त्यातील धोक्याकडे काणाडोळा करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. निरशा दुधातून ब्रुसेलोसिस आणि गुरांचा क्षय माणसात उतरू शकतो, आणि दुधाने पातळ झालेल्या मद्याने ते जंतू खात्रीने मरतात, ही समजूत सर्वस्वी निराधार आहे. मद्यार्काची शुद्धता हा तर त्याहून घोर प्रश्न. 2020 च्या एप्रिल-मे महिन्यांत टाळेबंदीने दारूची टंचाई पडली असता, भेसळीच्या विषारी मद्यार्काने याच हालिस्कोत अनेकांचा बळी घेतला. दूध निरोगी, तपासलेल्या जनावराचे असावे आणि मद्य माहितीतल्या कारखान्याचे, एवढा निर्बंध तरी पाळला जावा.

आज हे पेय केवळ गुराख्यांचे राहिलेले नाही. ग्वादालाहारा शहराच्या आसपास, सुट्टीच्या दिवशी सकाळीच सहकुटुंब निघालेले लोक रस्त्यालगतच्या गोठ्यांपुढे आपापले प्याले घेऊन उभे असतात. साखर किती, चॉकलेट किती, मद्य घालावयाचे की नाही, हे ज्याचे त्याने सांगावयाचे, आणि सकाळचे दोहन आटोपले की विक्रीही तेथेच आटोपते.