रिकाम्या जागी शून्य भरू नका

पुण्याहून मिळणाऱ्या भारतीय हवामान विभागाच्या दैनिक पर्जन्य-जाळीत १३५ गुणिले १२९, म्हणजे १७,४१५ बिंदू असतात आणि नोंद नसलेल्या बिंदूवर उणे ९९९ असते. आपल्या प्रोग्रॅममध्येही अशा जाळीसाठी घेतलेला मेमरीचा पट्टा आधी याच किमतीने भरावा. पेठसारख्या पावसावरच्या भातशेतीच्या तालुक्यात जूनमधले शून्य म्हणजे ‘पाऊस पडला नाही’. ‘माहिती नाही’ हे त्याहून वेगळे. शून्य भरणे सोपे व वेगवान, तर उणे ९९९ सरासरी बिघडवते, हा आक्षेप खरा आहे. पण एका दिवशी ६० मिलिमीटर आणि दुसऱ्या दिवसाची नोंदच नसेल, तर शून्याने सरासरी ३० येते व चूक खपून जाते. उणे ९९९ ने ती उणे ४६९.५ येते आणि चूक लगेच पकडली जाते.

मात्र मेमरी भरणारे सी भाषेतले ‘मेमसेट’ हे फंक्शन इथे चालत नाही. ते प्रत्येक बाइटमध्ये एकच किंमत लिहिते. म्हणून चार बाइटच्या पूर्णांकांत १ भरायला गेल्यास प्रत्येकात १,६८,४३,००९ मिळते. शून्यासाठी मेमसेट ठीक. उणे ९९९ साठी साधे लूप किंवा सी++ मधले ‘फिल’ वापरा आणि सरासरीआधी ते बिंदू वगळा.