घड्याळाची वेळ की भरतीची वेळ?
खाडीकाठच्या बिनतारी इंटरनेटची तक्रार कशी ओळखावी



निर्यातीच्या आंब्यासाठी मँगोनेटवर बागेची नोंदणी, फळपीक विम्याचा अर्ज, वाशीच्या बाजारातले भाव, ही सारी कामे आता इंटरनेटवर होतात. विमा भरण्याचा शेवटचा दिवस आणि नेमके त्याच दुपारी नेट बंद, असे झाले तर हंगामाचे नुकसान होते.

आपल्या जिल्ह्यात डोंगर आणि खाड्या फार. प्रत्येक वाडीपर्यंत केबल नेणे अवघड, म्हणून बऱ्याच ठिकाणी सड्यावरच्या टॉवरवरून घराच्या छपरावरील लहान डिशवर बिनतारी इंटरनेट घेतात. ते अडखळू लागले की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, खांब उंच करा. दुसरा, समोरचा माड तोडा. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात पंधरा-वीस वर्षांचे झाड जाते. आणि दोष परावर्तनाचा असेल तर दोन्ही करूनही नेट सुधारत नाही. म्हणून कोयता हातात घेण्यापूर्वी आठ दिवस वहीत नोंद ठेवा.

परावर्तन म्हणजे काय?

टॉवरकडून निघालेली लहर डिशकडे सरळ येते. तीच लहर खाडीच्या पाण्यावर किंवा पत्र्यावर आपटून, वळसा घेऊन, दुसऱ्या वाटेनेही येते. दूरदर्शन छपरावरच्या अँटेनावर पाहत असू, तेव्हा चित्राशेजारी तेच चित्र फिकट दिसायचे, आठवते ना? ते याच कारणाने.

विहिरीत दोन खडे टाकून पाहा. तरंगाचा उंचवटा उंचवट्यावर आला तर पाणी जास्त उचलते. उंचवटा खळग्यावर आला तर दोन्ही जिरतात. इंटरनेटच्या लहरींचे तसेच आहे. या डिशसाठी बहुधा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. केंद्र सरकारने २०१८ साली, ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत, तो परवान्यातून मोकळा केला. यातील लहरीची लांबी साधारण ५ ते ६ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांच्या रुंदीहून थोडी कमी. दोन वाटांच्या अंतरात एवढासा फरक पडला तरी जोर येतो किंवा जातो.

भरतीचा संबंध कसा?

समजा, पलीकडच्या सड्यावरील टॉवर ओहोटीच्या पाण्यापासून ६० मीटर उंच आहे, तुमची डिश ६ मीटर उंच आहे आणि मध्ये ३ किलोमीटर अंतर आहे. तेव्हा पाण्यावर आपटून येणारी वाट सरळ वाटेपेक्षा सुमारे २४ सेंटिमीटर लांब असते. भरतीने पाणी २ मीटर चढले की हा फरक साडेपंधरा सेंटिमीटरवर येतो. म्हणजे एका भरतीत साडेआठ सेंटिमीटरचा बदल झाला. लहरीची लांबी त्याहून कमी, त्यामुळे पाणी चढताना एकदा तरी दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. पाणी उतरतानाही तेच. वारा पडलेला, खाडी आरशासारखी शांत, अशा वेळी त्रास अधिक. लाटा उठल्या की परावर्तन विस्कटते आणि त्रास कमी होतो.

नोंद कशी ठेवावी?

नेट गेले की तारीख, वेळ, तिथी, वारा-पाऊस आणि शक्य असेल तर सिग्नलचा आकडा लिहा. हा आकडा यंत्राच्या पानावर किंवा ॲपमध्ये दिसतो, नाहीतर जोडणीवाल्याकडून समजून घ्या. तो उणे असतो. उणे ६० चांगला, उणे ७५ म्हणजे त्याच्या सुमारे तिसावा हिस्सा शक्ती.

भरतीचे गणित आपल्याकडे जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अदमासे वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आता वही वाचा :

१) नेट आज सकाळी दहाला गेले, उद्या पावणेअकरा-अकराला आणि आठवड्याने दुपारी चारच्या सुमारास, शिवाय बारा-साडेबारा तासांनी पुन्हा, तर दोष पाण्यावरील परावर्तनाचा. उधाण आणि भांग यांच्या पाण्यात फरक असल्याने वेळ थोडी मागेपुढे होईल.

२) रोज रात्री आठ ते दहा, घड्याळ लावल्यासारखे मंद होते, पण सिग्नलचा आकडा बदलत नाही, तर त्या वेळी लाइनवर गर्दी आहे. डिशला हात लावू नका. कंपनीला कळवा.

३) शेजारी गच्चीवर पत्र्याची शेड चढली आणि तेव्हापासून आकडा कायमचा उतरला, तर पत्रा लहर परतवतो आहे किंवा आड आला आहे.

४) वाऱ्यात आकडा नाचतो, तर खांब सैल आहे किंवा फांदी आड येते.

५) पावसात जाते, तर दोष बहुधा जोडात शिरलेल्या पाण्याचा किंवा ओल्या पानांचा. एवढ्या अंतरात पावसाचे थेंब या पट्ट्यातील लहरीला फारसे अडवत नाहीत.

मग करायचं काय?

पत्र्याचा दोष असेल तर डिश एक-दोन फूट वर, खाली वा बाजूला सरकवून आकडा पाहावा. तेवढ्यानेही काम होते. अरुंद झोताची मोठी डिश बसवली तर बाजूने येणारी लहर कमी घेतली जाते.

पाण्याचा दोष असेल तर खांब उंच केल्याने नेट जाण्याची वेळ फक्त बदलते. इथे आपटण्याची जागाच बदलली पाहिजे. वरच्या उदाहरणात लहर घरापासून सुमारे पावणेतीनशे मीटरवर पाण्याला आपटते. डिश काठापासून तेवढी मागे घेता आली, तर ती जागा कांदळवनात किंवा बागेत येते. ओबडधोबड जागेवर लहर विखुरते आणि जोर धरत नाही. मागे जागा नसेल तर डिश अशी बसवा की टॉवर स्वच्छ दिसेल, पण समोरचे पाणी बांधाआड किंवा टेकाडाआड जाईल. अशा वेळी खांब थोडा उतरवावा लागला तरी चालेल. डिश किंचित वर झुकवल्यानेही थोडा फरक पडतो. सोसायटी किंवा ग्रामपंचायतीची जोडणी असेल तर वेगवेगळ्या उंचीवर दोन अँटेना बसवण्याविषयी कंपनीला विचारावे. एक मंदावली की दुसरी काम करते.

आणि झाडच आड असेल तर? तरीही आधी डिश हलवावी. डिश तासाभरात दुसरीकडे बसते, तोडलेला माड किंवा कलम पुन्हा उभे राहायला वर्षे जातात.

छपरावर चढण्याआधी वीज बंद करा. ओल्या कौलांवर, गडगडाटात किंवा विजेच्या तारांजवळ खांब हलवू नका. खाऱ्या हवेने जोड गंजतात, तेव्हा पावसाळ्यापूर्वी ते तपासून घ्या.

तक्रार करताना "नेट चालत नाही" एवढेच सांगू नका. आठ दिवसांची वही पुढे ठेवा. त्यावरून जोडणीवाल्याला दोष कुठे शोधायचा ते लगेच कळेल, आणि तुमचा खर्च व झाड दोन्ही वाचेल.